७८० पैकी शून्य

मानेतली गादी झिजून नस दाबायला लागली, की सर्जन मानेच्या पुढच्या बाजूने आत शिरतात, ती गादी काढतात आणि रिकाम्या जागी टायटॅनियमचा किंवा खास प्लॅस्टिकचा छोटा पिंजरा बसवतात. वरून प्लेट आणि स्क्रू. पण हा सगळा तात्पुरता टेकू. खरं काम हाडाचं. पिंजऱ्यातून हाड वाढून दोन मणके एकजीव झाले, तरच ऑपरेशन जमलं.

ते हाड आणायचं कुठून? जुना मार्ग म्हणजे पेशंटच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढायचा. मग एक जखम वाढते आणि तीही दुखत राहते. दुसऱ्या मार्गाची सुरुवात १९६५ची. मार्शल उरिस्ट या अमेरिकन सर्जननी दाखवलं, की खनिज काढून टाकलेलं हाड स्नायूत ठेवलं तर तिथेही नवं हाड तयार होतं. म्हणजे हाडात 'इथे हाड बनवा' असा निरोप देणारं काहीतरी असतं. ते म्हणजे बीएमपी ही प्रथिनं. पुढे त्यातलं एक प्रयोगशाळेत बनवता आलं आणि २००२मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मेडट्रॉनिक कंपनीच्या 'इन्फ्यूज'ला मान्यता दिली. मान्यता कमरेच्या मणक्यांसाठी होती. मानेसाठी नव्हती.

तरी मानेत ते वापरलं गेलं. हा गुन्हा नाही. मान्यतेबाहेरचा वापर डॉक्टर करू शकतात आणि कित्येकदा त्यातून पेशंटचं भलंही होतं. पण हे प्रथिन हाडाबरोबर सूजही आणतं. कमरेत सुजेला जागा असते. मानेत मणक्याच्या लगेच पुढे अन्ननलिका, तिच्यापुढे श्वासनलिका. जुलै २००८मध्ये एफडीएने इशारा दिला: चार वर्षांत किमान ३८ घटना कळल्या होत्या. बहुतेक त्रास ऑपरेशननंतर २ ते १४ दिवसांत झालेला. म्हणजे पेशंट घरी गेल्यावरसुद्धा.

आणि तोपर्यंतचे अभ्यास काय सांगत होते? २०११च्या जूनमध्ये 'द स्पाइन जर्नल'ने हिशेब मांडला. कंपनीच्या पैशावर झालेले १३ अभ्यास, प्रथिन दिलेले ७८० पेशंट आणि प्रथिनामुळे झालेला त्रास: शून्य. परीक्षण करणाऱ्यांच्या मते खरा धोका त्या अभ्यासांतून निघणाऱ्या अंदाजाच्या १० ते ५० पट होता. २०१२मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीने सांगितलं, की यातल्या लेखक-डॉक्टरांना कंपनीकडून १९९६ ते २०१० या काळात सुमारे २१ कोटी डॉलर मिळाले. अयोग्य प्रभाव टाकल्याचा आरोप कंपनीने नाकारला.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. डॅशबोर्डवर 'एरर: ०' दिसलं की आमच्याकडचा अनुभवी माणूस खूश होत नाही. तो आधी लॉगिंग चालू आहे का ते बघतो. शून्याचे दोन अर्थ असतात: शोधलं आणि सापडलं नाही, किंवा शोधलंच नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात.

मला छळणारा प्रश्न हा, की यात खोटं नेमकं कोण बोललं? पेपर वाचून विश्वासाने प्रथिन वापरणारा सर्जन खोटं बोलला नाही. 'हाड जुळलं का?' एवढंच विचारणाऱ्या संशोधकाचं उत्तरही खरं असू शकतं, एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं असतं. गिळता येईल का, हे पेशंटने विचारलं असतं. पण प्रश्न ठरवताना तो खोलीत नव्हता. 'नरो वा कुंजरो वा'मध्ये निदान धर्मराजाला ठाऊक होतं आपण काय दडवतोय. इथे अर्धसत्य इतक्या हातांतून जातं, की शेवटच्या माणसाला ते पूर्ण सत्यच वाटतं. आणि त्यावर पेशंट सही करतो.

मागे माझ्या मामाला मानेचं ऑपरेशन सांगितलं होतं. मी सर्जनना विचारलं, पिंजऱ्यात काय भरणार? त्यांनी दोन मिनिटं नीट समजावलं, कमरेचंच हाड. बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "तुला काय कळलं त्यातलं? डॉक्टरवर विश्वास ठेवायचा असतो." मामाचं चूक नाही. सगळं समजून सही करायची म्हटलं तर कुणाचंच ऑपरेशन होणार नाही. मीही कित्येक लायब्ररी आतला कोड न वाचता वापरतो.

पण न वाचता वापरता येतं, कारण कुणीतरी वाचू शकतं. विश्वासाला समजण्याची गरज नसते, तपासता येण्याची असते. २०१३मध्ये तेच घडलं. मेडट्रॉनिकने येल विद्यापीठाला आपला डेटा दिला, दोन स्वतंत्र गटांनी तो तपासला. निष्कर्ष साधा होता: पेशंटच्या हाडापेक्षा या प्रथिनाचा ठोस फायदा दिसत नाही, धोके मात्र आहेत. डेटा तोच होता, फक्त वाचणारे बदलले होते.

म्हणून माझ्यापुरतं उत्तर असं: खोटं न बोलणं पुरेसं नाही. ज्याच्या शरीरावर प्रयोग होतो, त्याच्या वतीने कुणालातरी मूळ आकडे बघता आले पाहिजेत, तेव्हाच त्याची संमती खरी. आणि ऑपरेशनआधी एक वाक्य प्रत्येकाला कळतं, त्यासाठी डिग्री लागत नाही: "मानेत हे वापरायला अजून मान्यता नाही, तरी मी ते का सुचवतोय ते सांगतो."