पिल्लाची आई कुठे आहे?

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालो, तरी लोक एक प्रश्न घेऊन घरी येतातच: डॉक्टर, लॅब्राडॉरचं चांगलं पिल्लू कुठे मिळेल? विचारणारे बहुतेक आमच्याच समाजातले. सांगली-कोल्हापूरकडचे जैन शेतकरी, पाणी गाळून पिणारे, दिवस मावळायच्या आत जेवणारे. पत्ता देण्याआधी मी विचारतो, गृहस्थाची व्रतं, अणुव्रतं, मानता ना? ते हसतात. मी गंमत करत नसतो.

हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात गुजरातेत ‘योगशास्त्र’ लिहिलं. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळावेत असे पंधरा धंदे त्यात सांगितले आहेत. त्यांतला एक ‘असतीपोषण’. पैशासाठी मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर पाळणं त्यात येतं, आणि त्यांच्याच पंगतीत दासी पाळणंही. ग्रंथ श्वेतांबरांचा, आम्ही दिगंबर. पण कुत्र्याच्या बाबतीत पंथभेद काढायचं मला कारण दिसत नाही. बुद्धानेही उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले, आणि शस्त्र, मांस, मद्य, विष यांच्या जोडीला जिवंत प्राण्यांचा व्यापार घातला.

मग विकतचं पिल्लू घेऊच नये का? कडक उत्तर तेच आहे आणि मला त्याचा आदर आहे. रस्त्यावरचं गावठी पिल्लू उचलून आणणाऱ्याने हा लेख इथेच सोडावा, त्याचं काम झालेलं आहे. पण उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या मला नोकरीत फार उपयोगी पडली. प्राण घेणं एवढ्यावर ती थांबत नाही. त्यामागे ‘प्रमत्तयोग’ असावा लागतो, म्हणजे बेफिकिरी, बेसावधपणा. कुत्री पाळून पिल्लं विकणाऱ्या दोन माणसांत फरक करायचा तर तो इथे होतो. पैसे दोघेही घेतात. एकाला प्रत्येक मादीची तारीख पाठ असते, दुसऱ्याला तिचं नावही ठाऊक नसतं.

तत्त्वार्थसूत्रातच अहिंसाव्रताचे पाच दोष दिलेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, बेसुमार भार लादणं, अन्नपाणी तोडणं. पाठशाळेत अतिभार म्हणजे बैलगाडीत जादा पोती भरणं, असं आम्हाला शिकवलं होतं. पुढे दवाखान्यात मला त्याचा दुसरा अर्थ दिसला. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, पोटात पिल्लं त्रेसष्ट दिवसांच्या आसपास राहतात. प्रत्येक माजाला नर दाखवला, की वर्षाला दोन वेतं निघतात. अशा मादीचे सड लोंबतात, केस झडतात, पाठीचा कणा हाताला लागतो. ती विकायची नसते, म्हणून तिला कोणी आंघोळही घालत नाही. तिची पिल्लं मात्र टोपलीत रिबीन बांधून फोटोला बसतात. पिल्लू जितकं लहान तितकं गोजिरं, म्हणून महिन्याचं झालं की आईच्या दुधावरून तोडायचं. अन्नपाणी तोडणं आणखी कशाला म्हणायचं? डोबरमनच्या कापलेल्या शेपटीबद्दल तर मी बोलतच नाही.

हे टाळायला धर्मग्रंथच हवा असं नाही. 2017 साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी अठरा महिन्यांच्या आत किंवा आठ वर्षांनंतर भरवायची नाही. वर्षात एकच वेत, जन्मात पाचाहून जास्त नाही. आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही. नियम आहेत, तपासायला माणूस फिरकत नाही. तेव्हा तपासणारा शेवटी गिऱ्हाईकच.

गिऱ्हाईक म्हणतं, मी काय केलं, मी फक्त पैसे दिले. आमच्याकडे ही पळवाट चालत नाही. कर्म स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि नुसतं मान्य केलेलं, तिन्ही जिवाला चिकटतात. मन-वाणी-काया, चार कषाय म्हणजे मनाचे विकार, आणि बाकीचे भेद गुणले की एकशे आठ प्रकार होतात. जपमाळेचे मणी तितकेच, असं आजी सांगायची. फोनवर फोटो बघून ऑनलाइन पैसे पाठवणाऱ्याने निदान ‘करवलेलं’ हा मणी ओढावा.

आता ‘शुद्ध जाती’कडे येतो. इथे माझी चिडचिड होते. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात आठ मद सांगितलेत, त्यांत कुळाचा आणि जातीचा मद आहेच. त्याच ग्रंथाप्रमाणे धर्माच्या बळावर कुत्राही देवगतीला जातो आणि पापाने देव कुत्र्याच्या जन्माला येतो. इतकं वाचलेली माणसं पिल्लाचे पेपर मागतात तेव्हा सोयरीक ठरवत असल्यासारखी कुळं चाळतात! केनेल क्लबचा कागद आईबाप कोण ते सांगतो. खुब्याचे सांधे कसे आहेत ते सांगत नाही. लॅब्राडॉरमध्ये खुब्याचा विकार वंशातून येतो; आईबापांचे, दोन वर्षांचे झाल्यावर काढलेले एक्स-रे मागा. आणि पेपर बघायचेच तर आईकडून आणि बापाकडून एकच नाव येतं का, एवढं बघा. शुद्धतेच्या नावाखाली बापाला लेक दाखवणारे कमी नाहीत, आणि त्याची फळं पुढे माझ्यासारख्याच्या टेबलावर येतात.

मुधोळ आमच्यापासून लांब नाही. घोरपड्यांच्या त्या संस्थानात जोपासलेली कुत्री सशाच्या शिकारीसाठी घडलेली. जैन डॉक्टरने त्यांना रेबीजची लस टोचावी, यातली विसंगती मला कळते. लस तरीही टोचली. तिकडे एका धनगराने चांगले पैसे देणाऱ्या पुण्याच्या माणसाला माझ्यासमोर परत पाठवलं होतं. त्याने विचारलं, फ्लॅट कितव्या मजल्यावर, कुत्रं पळणार कुठं? जबाबदार ब्रीडर मला असाच ओळखू येतो. तो आधी तुमची चौकशी करतो, वाट बघायला लावतो, जमलं नाही तर पिल्लू परत आणा म्हणतो.

तेव्हा माझ्याकडे पत्ता मागायला येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. समक्ष जा. पिल्लाआधी त्याची आई बघा, ती राहते ती जागा बघा, हे तिचं कितवं वेत ते विचारा. आई गावाला आहे असं उत्तर मिळालं तर परत फिरा. आणि ती म्हातारी झाल्यावर तिचं काय करणार, हेही विचारा. ब्रीडर द्यायला तयार असेल, तर पिल्लाऐवजी तिलाच घरी आणा.