ताटीआडचे मूल



पौष महिन्यात वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथदादांची यात्रा भरते. जव्हार-मोखाड्याच्या अंगाने डोंगर चढून दिंड्या जातात. चालण्याचे बळ होते तोवर मीही त्या वाटेने गेलो. जव्हारला मुक्काम पडला की संध्याकाळी हरिपाठाआधी मी शिरपामाळावर जाऊन बसे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांचे स्वागत केले आणि महाराजांच्या मस्तकी शिरपेच चढवला, म्हणून हा शिरपामाळ, असे इकडे सांगतात. मानाचे ठिकाण. पण मला तिथे बसले की माझ्या हातून झालेला एक अपमान आठवतो.

वीसएक वर्षे झाली असतील. याच भागातल्या एका पाड्यावर सप्ताहात कीर्तन होते. निरूपणाच्या ओघात प्रारब्धाचा विषय निघाला. मी म्हणालो, "पाहा, एखाद्याच्या पोटी वेडे पोर येते. हे कुठले? मागल्या जन्मीचे देणे, फेडावेच लागते." श्रोत्यांनी माना डोलावल्या. बायकांत बसलेली एक बाई उठली, दहा-बारा वर्षांच्या मुलाचा हात धरला आणि अंधारात निघून गेली. मुलगा मघापासून कानांवर हात दाबून डुलत होता. माझे तिकडे लक्ष नव्हते. नंतर टाळकऱ्यांपैकी एकाने सांगितले, "बुवा, ती त्या पोराला बरं वाटावं म्हणून चार कोस चालत आली होती."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शास्त्र खोटे सांगितले असे नाही, पण कुणाला सांगितले?

माउलींनो, आपला संप्रदाय कोणाच्या पायाशी उभा आहे ते आठवा. चार मुले. संन्याशाची पोरे म्हणून गावाने टाकलेली. आईबाप गेले तरी डाग गेला नाही. पैठणच्या विद्वानांकडे शुद्धिपत्र मागायला जावे लागले. आईबापांच्या कर्माचे फळ मुलांनी भोगावे, हेच त्या मुलांना ऐकवले गेले. मग एखाद्या लेकराला आणि त्याच्या आईला तेच ऐकवताना मी कोणाच्या बाजूला उभा होतो? ज्ञानोबांच्या की त्यांना दारातून हाकलणाऱ्यांच्या?

प्रारब्ध हा शब्द माणसाने आपल्या दुःखासाठी वापरावा. तो स्वतःला धीर देतो. दुसऱ्याच्या दुःखावर ठेवला की तोच शब्द दगड होतो. दुसऱ्यासाठी आपल्याजवळ एकच शब्द, दया. एवढे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

पुढे मी अशा मुलांच्या घरी बसू लागलो. ज्यांना कळते त्यांना विचारू लागलो. पहिली गोष्ट समजली ती ही की आपण ज्याला सरसकट 'येडं' म्हणतो, त्यात कितीतरी वेगळ्या गोष्टी असतात. कुणाची बुद्धी वयाच्या मागे असते, कुणाला स्वमग्नता असते, कुणाला फिट येते, कुणाला भीती सोडत नाही, कुणी मोठे मूल महिनोन् महिने उदास असते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही मतिमंदत्वाला मानसिक आजारात धरत नाही. मोठेपणी दिसणाऱ्या मनाच्या आजारांपैकी निम्मे वयाच्या १८ वर्षांच्या आतच सुरू झालेले असतात, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे 'मोठा झाला की सुधारेल' म्हणत थांबणे बरे नव्हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकाच आजाराची दोन मुले मी पाहिली आहेत. एकाचे जगणे गोड, दुसऱ्याचे कडू. आजार तोच, मग फरक कशाने पडला?

फरक पडतो घर जागेवर राहण्याने. आपल्या भागात दिवाळी झाली की कुटुंबे वीटभट्टीवर, बांधकामावर कामाला जातात. मुलाची शाळा तुटते, गोळ्या तुटतात, झोपेची जागा बदलते. नीट झोप आणि वेळेवर चार घास हेही त्याचे औषधच. फरक पडतो आईच्या विसाव्याने. रात्रंदिवस एकटीने सांभाळणारी बाई शेवटी लेकरावरच खेकसते. सासू, जाऊ, शेजारीण यांपैकी कुणी घटकाभर त्याला धरून बसले तर दोघांचेही दिवस निघतात. फरक पडतो चिडवण्याने. आजार दुखतो त्याहून 'येडा आला' ही हाक दुखते. आणि फरक पडतो त्याला काही काम, काही मान असण्याने.

जागतिक आरोग्य संघटनेने जगण्याच्या प्रतीची व्याख्या केली आहे. तिचा मथितार्थ असा की माणसाला आपले स्वतःचे जगणे, आपल्या समाजात, आपल्या अपेक्षांच्या मापाने कसे वाटते, ती प्रत. म्हणजे ते मापायचे त्यानेच. आपण काय मापतो? शांत बसतो का, पाढे येतात का, पाहुण्यांत लाज आणतो का. हे आपले माप झाले. मुलाला विचारले तर ते सांगेल, माझ्याशी कुणी खेळते का.

ज्ञानेश्वर माउलींची गोष्ट इथे आठवते. लोकांच्या बोलण्याने मन दुखावले आणि त्यांनी झोपडीची ताटी लावून घेतली. एवढा ज्ञानी, तोही आत जाऊन बसला! बाहेर मुक्ताई, सर्वांत धाकटी. तिने ताटी मोडली नाही, गावाला गोळा केले नाही. दाराशी बसून ती बोलत राहिली. तेच ताटीचे अभंग. अशी मुले ताटी लावूनच बसलेली असतात. आपण एक तर दार धडकावतो, नाही तर निघून जातो. दाराशी बसणारी मुक्ताई व्हायला कुणी तयार नसते.

कुणी म्हणेल, बुवा, नामाने सर्व बरे होते ना? मी नाम सोडलेले नाही. पण नाम औषधाच्या आड येत नाही. भगताकडे जाऊन आलात तरी डॉक्टरांकडे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळांत येऊन मुले तपासतात, वाढीत मागे पडलेले मूल त्यांना दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे. फोन लावा आणि मराठीत बोला. आणि टाळ-मृदंगाच्या आवाजाने मूल घाबरत असेल तर त्याला ओढून कीर्तनात बसवू नका. देव त्याच्या कानांवरच्या हातांवर रागावत नाही.

ती बाई मला पुन्हा भेटली, सहा-सात वर्षांनी, दिंडीतच. मी पुढे होऊन तिच्या पाया पडलो. ती संकोचली, "महाराज, हे काय!" मी म्हणालो, "त्या रात्री चुकीचं बोललो, माउली." ती काही बोलली नाही. क्षमा केली असेही नाही, आणि मी मागितलेली ती काही लगेच मिळावी अशी वस्तूही नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "मागं आहे तो."

दिंडीच्या अगदी मागे, टाळांचा आवाज विरळ होतो तिथे, तिचा मुलगा पाण्याची कळशी घेऊन चालत होता. कुणी दमून खाली बसले की तो न बोलता पेला पुढे करी. प्यायलेला माणूस वारकऱ्यांच्या रीतीने त्याच्या पाया पडे, आणि तोही वाकून पाया पडे. त्याचा आजार गेला नव्हता. गर्दी झाली की हात अजून कानांवर जात. मी विचारले, "काय आवडतं रे तुला इथं?" बराच वेळ गेला. मग कळशीकडे बोट केले.

मी पाणी प्यालो आणि त्याच्या पाया पडलो. त्याचा शिरपेच तो होता. तो बांधायला फक्त दिंडीने मागे थोडी जागा ठेवायला हवी होती.

आपल्या दिंडीत ती जागा आहे का, हे यंदा निघण्याआधी पाहून घ्या.