दत्त म्हणजे दिलेला





मार्गशीर्ष लागला की आपल्या कर्जत-खालापूरकडे गावोगावी गुरुचरित्राची पारायणं बसतात. भात झोडून झालेलं असतं, थंडी पडलेली असते, आणि पौर्णिमेला संध्याकाळी पाळणा हलवायला सगळं गाव जमतं. समोर महाराजांची मूर्ती असते. तीन मुखं, सहा हात, मागे गाय आणि पायाशी चार कुत्री. ही चार कुत्री म्हणजे चार वेद असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अर्थ खोटा नाही. पण होतं काय, की अर्थ सांगून झाला की आपण कुत्र्याकडे बघायचं सोडून देतो. वेदांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी यंदा बोलणार आहे ते कुत्र्यांविषयी, आणि त्यातही एकाच जातीच्या कुत्र्यांविषयी, ज्यांना लॅब्राडोर म्हणतात.

आमचं घर कर्जत-कशेळे रस्त्याला आत आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं इथे राहायला आलो. गेल्या काही वर्षांत आमच्या अंगणातून अकरा लॅब्राडोर राहून गेले. एकही विकत आणलेला नाही. सगळे कुणी ना कुणी टाकलेले. आम्ही त्यांना काही आठवडे, काही महिने सांभाळतो, औषधपाणी करतो आणि चांगलं घर बघून देतो. पहिल्याच कुत्र्याच्या वेळी शेजारच्या वहिनींनी विचारलं, "देऊनच टाकायचा तर जीव कशाला लावता?" या प्रश्नाला उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

आधी ही कुत्री येतात कुठून ते सांगतो. मुंबई आणि पुण्याच्या मधली आपली जागा. द्रुतगती मार्ग झाला, लोकांनी इकडे फार्महाऊस बांधली. फार्महाऊस म्हटलं की राखणीला कुत्रा हवा, आणि दिसायला छान म्हणून लॅब्राडोरचं पिल्लू येतं. (खरं सांगू? राखणीला याच्याइतका कुचकामी कुत्रा नाही. चोर आला तरी शेपटी हलवील आणि बिस्कीट आहे का बघेल.) पहिलं वर्ष कौतुकाचं. मग मुलांच्या परीक्षा येतात, पावसाळा येतो, मालक तीन-तीन महिने फिरकत नाहीत. कुत्रा वॉचमनच्या हवाली. वॉचमन बदलतो. एक दिवस बंगला विकला जातो आणि पलंग-कपाटाबरोबर कुत्राही तिथेच राहतो. काहींना शहरातून मुद्दाम गाडीत घालून आणतात आणि जुन्या हायवेला, धबधब्याच्या वाटेवर उतरवून निघून जातात. 2020 च्या मार्चमध्ये जनावरांमुळे कोरोना पसरतो अशी अफवा उठली, तेव्हाही बऱ्याच जणांनी कुत्री सोडली. पुढे घरात बसून कंटाळलेल्यांनी पिल्लं आणली, आणि कचेऱ्या उघडल्यावर त्यांतली काही रस्त्यावर आली.

कुणी म्हणेल, गावठी कुत्री नाही का राहत रस्त्यावर? राहतात. गावठी कुत्र्याला आपली आळी ठाऊक असते, आपली टोळी असते, कुठल्या दारात काय मिळतं ते माहीत असतं. म्हणून तर 2023 च्या नियमांतही गावठी कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायला सांगितलं आहे. तीच त्याची जागा. लॅब्राडोरला अशी जागा नसते. त्याचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे, थंड समुद्रात कोळ्यांच्या होड्यांबरोबर पोहून जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणणारे. दुहेरी केसांचं दाट अंग, बोटांमध्ये पडदे. ते अंग आपल्या मे महिन्यात धापा टाकतं आणि आपल्या पावसात सुकतच नाही, त्वचा कुजायला लागते. गवतातून गोचिड्या चढतात आणि त्यांच्यामागून गोचीड-ताप. त्यात याची भूक. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की जवळजवळ चौथा हिस्सा लॅब्राडोरांमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांची भूक इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून हा दिसेल ते खातो; उकिरड्यावर सोडलात तर प्लॅस्टिकसकट खातो. शिवाय गावातल्या टोळ्या परक्याला घेत नाहीत. सोडलेला लॅब्राडोर फार दिवस काढत नाही.

आणि हीच जात माणसासाठी काय करते तेही ऐका. 1993 साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले, त्यांतली काही स्फोटकं आपल्याच रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनकडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरली होती. मुंबई पोलिसांच्या पथकातल्या झंजीर नावाच्या लॅब्राडोरने त्या काळात तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं. किती माणसं वाचली असतील याचा हिशोब कोण करणार? 2000 साली तो हाडाच्या कर्करोगाने गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला फुलं वाहून मानाने निरोप दिला. त्याच जातीची कुत्री आज फुकट द्यायची म्हटली तरी घ्यायला माणूस मिळत नाही, असे दिवस आम्ही पाहिलेत.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या देवाचं नाव काय? दत्त. म्हणजे दिलेला. अत्रिऋषींनी पुत्र मागितला, तेव्हा भगवंत म्हणाले, मी स्वतःलाच तुला दिलं. अत्रींचा म्हणून आत्रेय, दिलेला म्हणून दत्त. आपल्या भाषेतला 'दत्तक' शब्दही तिथलाच. दत्तकविधानात काय लागतं ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. होम होवो न होवो, पण देणाऱ्याने हाताने द्यायचं आणि घेणाऱ्याने हाताने घ्यायचं, त्याशिवाय दत्तक पुरं होत नाही. 1956 च्या कायद्यातही ही देण्याघेण्याची अट आहे. मूल कुणाच्या ओसरीवर ठेवून पळून गेलं तर त्याला दत्तक म्हणत नाहीत, टाकलेलं म्हणतात. दोन्हींत पोर एका घरातून दुसऱ्या घरात जातं, पण केवढा फरक! कुत्र्याचंही असंच आहे, मंडळी. त्याला टाकणारा मधल्या मधे नाहीसा झालेला असतो. देणाऱ्याची जागा रिकामी असते. ती कुणीतरी भरावी लागते, म्हणजे मग त्याला कुणाच्या तरी हाती देता येतं. आम्ही तेवढंच करतो. आणि ज्याच्यावर जीव नाही ते देता येत नाही, फक्त काढून टाकता येतं. जीव लावायचा तो एवढ्यासाठी.

यावर आमच्या मंडळातल्या एका अभ्यासू गृहस्थांनी मला अवधूताचे चोवीस गुरू आठवून दिले. भागवताच्या अकराव्या स्कंधातला कपोत. तो कबुतर बायको-पोरांच्या मायेने स्वतःहून पारध्याच्या जाळ्यात गेला. तर मग माया कशाला? मुद्दा बिनतोड वाटतो. पण मी त्यांना म्हटलं, ती चोवीसांची यादी पुन्हा बघा. पृथ्वी आहे, अजगर आहे, मधमाशी आहे, कोळी आहे, हरीण आहे. कुत्रा कुठे आहे? नाही. ज्यांच्याकडून शिकायचं त्यांच्यात अवधूताने त्याला धरलं नाही, पण ज्यांना बरोबर ठेवायचं त्यांच्यात धरलं. सर्वस्व सोडलेला अवधूत, आश्रम नाही, घर नाही, वस्त्राची चिंता नाही, आणि पायाशी चार कुत्री तशीच! मला त्यातून एवढंच कळतं की त्याने मालकी सोडली, सांभाळ सोडला नाही.

धर्मराजाची गोष्टही आपण अर्धीच सांगतो. स्वर्गाच्या दारात इंद्र म्हणाला, कुत्रा सोड आणि रथात बस. धर्मराज नाही म्हणाला. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण इंद्राने पुढे टोकलं, की भावांना आणि द्रौपदीला वाटेत सोडून आलास, मग हा कुत्रा का सोडवत नाही? तेव्हा धर्मराजाने सांगितलं, की ती सारी मेल्यावर मागे राहिली, त्यांना उठवणं माझ्या हाती नव्हतं. जिवंत असताना मी त्यांतल्या कुणाला टाकलं नाही. महाप्रस्थानिक पर्वातलं हे बोलणं ज्याने एकदा मनाशी धरलं, त्याच्या हातून बंगल्याच्या फाटकाशी कुत्रा बांधून निघून जाणं होणार नाही.

सरकारी कायदा मात्र इथे लंगडा पडतो. 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून जाणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये! आजच्या दिवशी त्यात दोन-तीन वडापाव येतील.

एकीची हकीकत सांगतो. खालापूरकडे जुन्या हायवेच्या एका ढाब्यामागे ती सापडली. अंगावर केस कमी आणि गोचिड्या जास्त, सड लोंबलेले. पिल्लं विकणाऱ्या कुणीतरी वेतामागून वेत काढून घेतली असणार आणि पोट पिकेनासं झाल्यावर सोडली असणार. अहो, त्यालाही नियम आहेत. 2017 पासून कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पण पिल्लू घेताना त्याची आई कुठे आहे, हे विचारणारा मला अजून भेटायचाय. आमच्या घरच्यांनी हिचं नाव अनसूया ठेवलं. दोघा-तिघांना ते रुचलं नाही, देवाच्या आईचं नाव कुत्रीला म्हणून. मग माई झालं. डॉक्टरांनी गोचीड-तापाचं औषध महिनाभर दिलं, रक्त दोनदा तपासलं, अंगात ताकद आल्यावर नसबंदी केली. पहिले पंधरा दिवस ती ताटली उचलायला कुणी वाकलं की अंग चोरून भिंतीला लागायची. अडीच महिन्यांनी खोपोलीच्या एका निवृत्त जोडप्याने तिला नेलं. आमच्या घरच्यांनी तिच्या गळ्यातला पट्टा स्वतःच्या हाताने त्या बाईंच्या हातात दिला. रात्री आम्ही दोघं जेवलो नाही, हे खरं. आठ दिवसांनी फोन केला तर बाई म्हणाल्या, ती पलंगाखाली झोपते आणि मी पाणी प्यायला उठले तरी मागोमाग येते.

सोवळ्याचं बरेच जण विचारतात. देवघरात मीही कुत्रा नेत नाही, तिथे उंबऱ्याला फळी लावली आहे. पण गुरुचरित्राच्या छत्तिसाव्या-सदतिसाव्या अध्यायांत गृहस्थाचा आचार सांगितला आहे, त्यात वैश्वदेव आहे, आणि वैश्वदेवामागून आपले वाडवडील बाहेर कावळ्याला आणि कुत्र्याला घास ठेवत आले. त्यांना खाऊ घातल्याशिवाय पान घ्यायचं नाही, ही रीत. ज्याच्यासाठी जेवण थांबवतात तो परका कसा?

मात्र घास कसला घालायचा याला विचार हवा. देवळात येणाऱ्या कुत्र्याला भक्त मंडळी प्रेमाने प्रसादाचा शिरा, पेढे घालतात. शिऱ्यात बेदाणे असतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याच्या पोटात गेले तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदाही वाईट, चॉकलेटही वाईट. साधा भात, भाकरी, उकडलेलं अंडं द्या. लॅब्राडोरला तेही मोजूनच. तो सदा उपाशीच दिसणार, त्याच्या डोळ्यांना भुलू नका. वजन वाढलं की आधी कंबर जाते.

आता आपल्या वयाच्या माणसांसाठी थोडं स्पष्ट बोलतो. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने दोन महिन्यांचं पिल्लू आणू नये. हा कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. नेरळकडच्या एका बंगल्यात आजोबा गेले, मुलं परदेशात, आणि आठ वर्षांचा लॅब्राडोर फाटकाशी बसून राहिला. शेजारच्या वाडीतल्या कातकरी बाईने त्याला महिनाभर भाकरी घातली, म्हणून तो आमच्यापर्यंत जिवंत पोचला. ती स्वतः काय खात असेल ते तिचं तिला माहीत! म्हणून आमच्याकडे कुत्रा मागायला कुणी आलं की मी आधी विचारतो, तुमच्यामागे याला कोण घेईल? नाव सांगा, त्याला फोन करून खात्री करतो. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का, घरात सगळ्यांना हवा आहे का की एकट्या नातवाचा हट्ट आहे, हेही विचारतो. राखणीला हवा म्हणणाऱ्याला देत नाही. पिल्लं काढायची म्हणणाऱ्याला चहा देऊन परत पाठवतो. काहींना राग येतो. आपण मुलगी देताना घर बघतो, तेव्हा समोरच्यांना राग येतो का?

पण म्हातारा लॅब्राडोर आणि म्हातारी माणसं यांचं मात्र छान जमतं. सात-आठ वर्षांनंतर त्याची धावाधाव संपलेली असते. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास रमतगमत चालणं, दोन वेळचं मोजकं जेवण, वर्षाची लस, महिन्याचं गोचिड्यांचं औषध. बाकी वेळ तो तुमच्या पायाशी पडून असतो. पोथी वाचत असलात तरी चालतं, त्याला काही घाई नसते.

सध्या अंगणात एक काळा आहे, नऊ वर्षांचा. थंडीत मागच्या पायांना कळ येते, म्हणून गोणपाटाखाली गवत घातलंय. कान तुटके आहेत, स्वभाव गरीब. आमच्या घरच्या रोज त्याला सांगतात, की पौर्णिमेपर्यंत तुझं घर बघते. तळमजल्याचं असलं तर बरं, त्याला जिने चढवत नाहीत.