केडगावची जमीन



पंडिता रमाबाईंनी १८८९ साली विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही निवासी शाळा सुरू केली, तेव्हा अमेरिकेतून कबूल झालेली मदत दहा वर्षांपुरतीच होती. मुदत संपल्यावर मुलींचं कसं व्हायचं? रमाबाई हातावर हात धरून बसल्या नाहीत. त्यांनी पुण्याजवळ केडगावला जमीन घेतली, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, असा साधा हिशेब.

मग १८९६-९७चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि विधवा आणल्या. सदन तेव्हा पुण्यात होतं, पण पुण्यात प्लेग, तिथे एवढ्यांची सोय होईना. बागेसाठी घेतलेल्या त्या जमिनीवरच मुक्ती सदन उभं राहिलं. उद्याचा खर्च कुठून भागणार, याचं उत्तर हाती नव्हतं. रमाबाईंनी तो भार देवावर टाकला, आणि शेतीही चालू ठेवली. मला त्यांचा विश्वास इथे सर्वांत खरा वाटतो.

असा विश्वास हिशेबाच्या आड येत नाही. बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो, हे येशूनेच सांगितलं. तेव्हा मुलांची फी, विमा, आजारपणाची तजवीज यांत अविश्वास नाही. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब फटकारतो तो उद्याचा दिवस स्वतःच्या मुठीत आहे असं समजणाऱ्या व्यापाऱ्यांना.

आज महिन्याचा हिशेब मांडायला बसाल, तेव्हा वही उघडण्याआधी प्रार्थना करा. आणि कुणी गरजू अवचित दारात आला, तर त्याच्यासाठी त्या हिशेबात जागा करा.