‘थांबा’ म्हणण्याची किंमत

तुमच्या शहरात कुठे ना कुठे क्रेन उभी असेलच. तिच्याजवळून जाताना तुम्ही एक गोष्ट गृहीत धरता: वारा वाढला, की चालक काम थांबवेल. त्याला तो अधिकार आहेही. अमेरिकेत २०१० च्या नियमांत तो लिहूनच दिला आहे. सुरक्षिततेबद्दल शंका आली, तर चालक भार उचलायला नकार देऊ शकतो. प्रश्न असा, की तो अधिकार वापरणं त्याला परवडतं का?

आधी वाऱ्याचं गणित पाहू. वेग दुप्पट झाला, की दाब चौपट होतो. जमिनीवरची झुळूक उंचावर जोरदार असू शकते. शिवाय वारा नुसत्या क्रेनला ढकलत नाही, हुकाला टांगलेल्या वस्तूलाही ढकलतो. वस्तू रुंद असेल तर ती शिडासारखी वागते. वजन मर्यादेत असूनही क्रेन धोक्यात येते ती अशी.

१४ जुलै १९९९ रोजी मिलवॉकीत बेसबॉलच्या नव्या स्टेडियमचं छत चढवताना ‘बिग ब्लू’ ही अवाढव्य क्रेन कोसळली. छताचा तो भाग ४०० टनांहून जड होता. तीन कामगार गेले. क्रेनवर येणाऱ्या वाऱ्याचा हिशेब झाला होता. त्या विस्तीर्ण छतावर येणाऱ्या वाऱ्याचा झालाच नव्हता.

आता समजा, त्या दिवशी कुणी काम थांबवलं असतं. काय दिसलं असतं? उभी क्रेन, रिकामे बसलेले कामगार, वाढलेलं भाडं. तीन जीव वाचले हे कुणालाच कळलं नसतं. न पडलेल्या क्रेनचा पुरावा नसतो. उलट तेवढ्याच वाऱ्यात दुसऱ्या कुणी भार सुखरूप चढवला, तर तो शाबासकी मिळवतो आणि थांबवणारा भित्रा ठरतो. दोघांना माहिती सारखीच होती. फरक केला तो एका झोताने. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये या पेचाला ‘मॉरल लक’ म्हटलं. आपण कृतीचं माप परिणामावरून काढतो आणि परिणाम पुष्कळदा नशिबाच्या हाती असतो.

म्हणून ‘चालकाने धैर्य दाखवावं’ हा उपदेश मला अपुरा वाटतो, थोडा अन्यायाचाही. ज्याचा व्हिसा आणि पगार मालकाच्या हाती आहे, त्याच्या धैर्यावर आपण सगळ्यांचा जीव टांगतो. आखातात असा किंवा अमेरिकेत, नोकरीला बांधलेला व्हिसा माणसाला किती गप्प करतो, हे तुमच्यापैकी अनेकांना सांगायला नको.

थांबणं हे शौर्य न राहता नित्याचं काम व्हायला हवं. त्या विशिष्ट भारासाठी वाऱ्याची मर्यादा आदल्या दिवशीच ठरलेली असावी. थांबलेल्या तासांचा पगार मिळावा. मर्यादेच्या आत असतानाही शंका आली, तर तिचा मान राहावा. आकडा गाठला नाही म्हणून विचार करणं संपत नाही.

आणि आपण? घराचा ताबा लांबला, की आपण बिल्डरवर चिडतो. कधी कधी ते योग्यही असतं. पण त्या उशिरात दोन-चार वाऱ्याचे दिवस असतील, तर त्यांची किंमत एकट्या चालकाने का मोजावी? त्यातला आपला वाटा कुरकुर न करता उचलणं, एवढं आपल्या हातात आहे.