पाळीचा न्याय

एका मोबाइल-मनोऱ्याखाली माणसे अनेक. रेडिओवाहिनी मात्र सामायिक. 4जी यंत्रणेत तिच्या वेळेची वाटणी दर मिलिसेकंदाला होते. पाळी कोणाला द्यावी?

ज्याचा सिग्नल सबळ त्यालाच दिली, तर दूरचा उपाशी राहतो. सर्वांना सारखीच माहिती पोचवू म्हटले, तर एका दुर्बळ सिग्नलपायी सारेच रखडतात. 3जीच्या काळात रूढ झालेली प्रमाणशीर पद्धत प्रत्येकाला त्याच्याच सरासरीशी ताडून पाहते: अस्थिर सिग्नल त्याच्यापुरता चढला, की पाळी त्याची.

आम्हांला हा विवेक पटतो. समाधान मात्र होत नाही. वेळ जवळजवळ सारखा मिळूनही दूरच्याच्या पदरी थोडेच पडते. तेथे वाटप निर्दोष असते. उणीव मनोऱ्याच्या जागेत असते. म्हणून न्यायाने पाळीपाशी थांबू नये. मनोरा कोठे उभारला, हेही विचारावे.