स्वाधीनतेचे वेळापत्रक

यवतमाळकडे कापसाच्या वावरात रानडुकरांच्या राखणीला, जागलीवर बसलेला माणूस, जवळ घड्याळ नसले तरी तिकांडे कोठवर चढले ते पाहून रात्र किती उरली हे सांगत असे. अशा माणसाला आपण स्वावलंबी म्हणतो. त्याने कोणा माणसाला वेळ विचारली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आकाशाला मात्र त्याने विचारलेच.

अंतराळयानांच्या बाबतीत आता हाच प्रश्न उभा आहे. यान कोठे आहे हे बहुधा पृथ्वीवरून मोजून त्याला कळविले जाते. आणि गुरूजवळच्या यानापर्यंत संदेश पोचायलाच अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणून शास्त्रज्ञांची नजर पल्सारांकडे वळली. मेलेल्या ताऱ्याचा हा गाभा स्वतःभोवती फिरतो आणि दीपगृहाच्या झोतासारखे त्याचे ठोके आपल्याकडे येतात. 1982 साली डोनाल्ड बॅकर, आपल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी सेकंदाला सुमारे 642 फेऱ्या घेणारा पल्सार शोधून काढला. ठोका अपेक्षेहून एक सहस्रांश सेकंद आधी आला, तर यान त्या ताऱ्याच्या दिशेने सुमारे 300 किलोमीटर पुढे आहे, असा हा हिशेब. असे तीन-चार तारे मिळाले की ठिकाण ठरते. नोव्हेंबर 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नासाने केलेल्या प्रयोगात यंत्राने आपले ठिकाण आपणच, 16 किलोमीटरच्या आत, शोधून दाखविले.

मग यान स्वाधीन झाले काय? मला तसे वाटत नाही. ठोका ‘अपेक्षेहून’ आधी आला. पण ही अपेक्षा कोणाची? ते वेळापत्रक माणसांनी वर्षानुवर्षे ठोके मोजून बांधलेले असते. नारायणगावाजवळ खोडदच्या 30 अँटेनांवर पल्सारांचे असे मोजमाप चालते. शिवाय तारेही चळतात: व्हेला पल्सारची गती मधूनच एकाएकी वाढते. तेव्हा एकावर न विसंबता अनेकांची साक्ष काढावी लागते, आणि कोणाची साक्ष टाकून द्यायची हा निवाडा यानाने करायचा.

खरा नैतिक पेच येथे आहे. आज्ञा देणारा चुकला तर त्याला जाब विचारता येतो. ताऱ्याला कोण विचारणार? निवाडा यानाचा, म्हणून दोषही यानाचा, असे म्हणून सुटका करून घेणे सोयीचे आहे, परंतु खरे नव्हे. ज्याने वेळापत्रक बांधून दिले आणि कोणत्या साक्षीदारावर किती भरवसा ठेवावा हे शिकविले, तो आज्ञा देण्याच्या कामातून मोकळा झाला, जबाबदारीतून नाही. उलट ती वाढली, कारण आता चूक झालीच तर हाक मारून थांबविण्याइतका अवधी त्याच्यापाशी नाही. मुलाला पुण्याला शिकायला पाठविणाऱ्या पुसदच्या बापाला हे ठाऊक असते. एस. टी. सुटण्यापूर्वी तो एकच गोष्ट तीन-तीनदा सांगतो, आणि मुलगा कंटाळून मान हलवितो.